दारातला माणूस का हसतो

आमच्या वहिनीला कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?", की ती म्हणते, "फाटलेलं जोडते." त्यावर समोरचा हसतो आणि विषय बदलतो. पण ते अगदी खरं आहे. मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यामागे एक लांबट खोली आहे, तिथे चार शिवणयंत्रं आहेत आणि त्यातलं खिडकीजवळचं वहिनीचं. धुतलेल्या चादरींचे ढीग गाडीवरून येतात. वहिनी एकेक चादर उजेडासमोर धरून विरलेली जागा शोधते. माणूस मधोमध झोपतो, म्हणून चादर मधोमधच विरते आणि कडा तशाच कोऱ्या राहतात. मग ती चादर उभी फाडते, कडा आत आणून एकमेकींना जोडते, विरलेला भाग बाहेरच्या बाजूला जातो, आणि चादर आणखी काही महिने टिकते. नवीन आलेल्या बायका जाड शिवण घालतात, ती आजाऱ्याच्या पाठीला टोचते. वहिनीची शिवण हाताला लागतसुद्धा नाही. याबद्दल तिचं कधी कुणी कौतुक केलेलं नाही. न टोचलेली शिवण कुणाच्या लक्षात येणार?

मी तिची नणंद. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, आता घरी असते. नणंदेची जीभ कशी असावी असं लोकांना वाटतं, तशीच माझी आहे. वहिनी मला चिडवायला 'वन्सं' म्हणते. "वन्सं, तुमच्या जिभेला दोरा घालता येत नाही म्हणून, नाहीतर तेही काम मी हातावेगळं केलं असतं." आमचं दोघींचं चांगलं जमतं. माझा भाऊ तिचा नवरा नसता, तर आणखी जमलं असतं.

दादा कवळ्या बनवतो. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्याचं बर्नर, मेण आणि प्लास्टर मांडलेलं असतं. डॉक्टर तोंडाचा साचा देतात, दादा आधी मेणात दात बसवतो, मग पेशंटच्या तोंडात ते घालून त्याला हसायला सांगतात. हसताना किती दात दिसतात ते बघून दादा ते वरखाली करतो. "आमच्याकडची निम्मी म्हातारी माणसं मी ठरवलेलं हसू हसतात," असं तो सांगतो, आणि या बाबतीत तो फारशी थाप मारत नाही. संध्याकाळी दवाखाना सुटला की तो वाचनालयाच्या माडीवर जायचा. तिथे हौशी नाटकमंडळी तालमी करतात. मीही जायची, प्रॉम्प्टिंगला. दादा तिथे वर्षानुवर्षं हवालदार, पोस्टमन, मुलीचा बाप, असलीच कामं करत आला. ती तो चोख करायचा. पण घरात आणि बाहेर सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती: दादा खरा याच्यापेक्षा फार मोठा नट व्हायचा होता.

गोष्ट अशी. लग्नाला वर्ष होत आलं होतं. स्पर्धेतलं दादाचं काम बघून एका फिरत्या नाटक कंपनीच्या मॅनेजरने त्याला बोलावलं. गावोगाव प्रयोग, महिनोन्‌महिने घराबाहेर, पण कामं मोठी. दादाने घरी येऊन बातमी सांगितली. वहिनीला तेव्हा दिवस गेले होते आणि उलट्यांनी ती अर्धी झाली होती. ती एवढंच म्हणाली, "मग माझं कसं होणार?" ती अडून बसली नाही, रडली नाही. घाबरलेल्या पोरीच्या तोंडून निघालेला साधा प्रश्न होता तो. मी तिथेच बसले होते. दादा तिच्याकडे बघत राहिला, "बरं" म्हणाला, आणि मॅनेजरला नकार द्यायला जिना उतरून गेला.

त्या एका वाक्याची भरपाई वहिनीने जन्मभर केली. मी हे डोळ्यांनी बघितलंय, कुणी सांगितलेलं सांगत नाही. गळका नळ, मुलाची शाळा, बँकेची रांग, सगळं तिच्याकडे. आमचे बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना कुशीवर वळवायचं काम तिचं आणि मला सुट्टी असेल तर माझं. दादा तालमीला. कामावरून येऊन ती पदर खोचायची ते थेट दिवा मालवेपर्यंत. दादाचा इस्त्रीचा शर्ट आणि तालमीआधीचा चहा मात्र कधी चुकला नाही. मी चिडायची. "याला काय हात नाहीत का? तालमीला नाही गेला एक दिवस तर हवालदार अडणार आहे?" ती मला गप्प करायची. "असू दे गं. त्यांनी माझ्यापायी केवढं सोडलंय. तेवढी एक संध्याकाळ तरी त्यांची असू दे."

आणि दादा? दादा तिला कधी टाकून बोलला नाही, हे कबूल करते. त्याची रीत वेगळी होती. चार माणसं जमली, नाटकाचा विषय निघाला, की तो खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "संसारात पडलो नसतो तर..." पुढचं वाक्य तो कधी बोलायचा नाही, नुसता सुस्कारा टाकायचा. सगळे हळहळायचे. आणि वहिनी उठून चहा ठेवायला आत जायची. तिची मान तेव्हा अशी खाली जायची की मला दादाच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची, पण मोठा भाऊ पडला.

एकदा तिच्याही दाराशी तिचं नशीब येऊन उभं राहिलं होतं. शिवणखोलीतल्या तिच्या मैत्रिणीने बाजारात एक गाळा बघितला. लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान काढायचं, शिवायचं वहिनीने आणि गिऱ्हाईक सांभाळायचं मैत्रिणीने. वहिनीच्या डोक्यात तर सगळं तयारच होतं. मुलांच्या कपड्यांना खिसे खोटे असतात, आपण खरे लावू, आणि पोराचा हात पोचेल एवढ्यावरच लावू, असं ती मला सांगायची. मला घेऊन ती गाळा बघायला गेली होती. रिकाम्या गाळ्यात ती उजेड कुठून येतो ते बघत फिरली आणि म्हणाली, "यंत्र इथे." मी तिला इतकं खुशीत आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. पण दुकान म्हणजे संध्याकाळ दुकानात. मग बाबांचं कोण बघणार, दादाच्या तालमी कशा व्हायच्या? दादा "बघ, तुला जमेल तसं" एवढंच म्हणाला. तिने मैत्रिणीला नाही म्हणून सांगितलं. मी भांडले तिच्याशी. ती म्हणाली, "त्यांनी कंपनी सोडली आणि मी दुकान काढू? कुठल्या तोंडाने?" मैत्रिणीने काही वर्षं एकटीने दुकान रेटलं, मग बंद करून ती मुलीकडे राहायला गेली.

यंदा मंडळींनी एक जुनं, गाजलेलं नाटक करायला घेतलं. त्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच घडलं. एक मुलगा आणि एक मुलगी तरुणपणी ठरवतात, इथून निघून जायचं, ती गाणार, तो चित्रं काढणार. मुलगा आधी जातो, तुला न्यायला येईन म्हणून वचन देऊन. ती बॅग भरून ठेवते. वर्षं जातात, दोघं उतारवयाला लागतात, बॅग तशीच. आणि शेवटच्या प्रवेशात तो खरंच येतो. दारात उभा राहून विचारतो, "तयारी आहे?" ती बॅग उचलते. प्रेक्षकांना वाटतं, निघाली. पण ती बॅग घेऊन आतल्या खोलीत जाते आणि बाहेर येत नाही. नाटकात पुढे एवढंच लिहिलंय: तो दारातच उभा राहून हसतो. पडदा.

तो का हसतो, यावरून लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलेत. या वेळी दिग्दर्शन एका नाट्यशाळेत शिकून आलेल्या मुलीकडे होतं. वयाने आम्हाला मुलीसारखी, म्हणून सगळे तिला छोट्या मॅडम म्हणायचे. तिने दारातल्या माणसाचं काम दादाला दिलं. दादाला! त्या दिवशी तो घरी पेढ्याविना पेढे वाटत फिरला. वहिनी तर स्वतःलाच काम मिळाल्यासारखी हरखली. "आता तरी त्यांचं काहीतरी फिटेल," असं मला हळूच म्हणाली, आणि दादाचा नाटकातला कोट स्वतः शिवायला घेतला.

एका तालमीत छोट्या मॅडमनी सगळ्यांना गोलात बसवलं. "तो का हसतो? प्रत्येकाने सांगा." नायिकेचं काम करणारी बँकेतली बाई म्हणाली, "वेड लागलं असणार बिचाऱ्याला." एकजण म्हणाला, "अपमान झाला. चारचौघांत रडता येत नाही, म्हणून हसतो." मी म्हटलं, दुःख हद्दीबाहेर गेलं की माणूस हसतो, माझं आपलं तेच मत. मग दादाची पाळी आली.

"सुटला म्हणून हसतो," दादा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"दवाखान्यात मी बघतो ना मॅडम. माणूस दात काढायला येतो. घाबरलेला असतो. डॉक्टर म्हणतात, सूज आहे, आज नाही काढता यायचा. की हा तोंड पाडतो. अरेरे, मी तर तयारीनिशी आलो होतो! आणि बाहेर पायरीवर जाऊन हसतो. माझ्या खिडकीतून पायरी दिसते. तसाच हा. वचन दिलं म्हणून आलाय, पण आतून पाचावर धारण बसलीय की ही खरंच निघाली तर? तिने बॅग आत नेली आणि हा सुटला. वर जगाला सांगायला मोकळा, मी आलो होतो, तीच आली नाही."

छोट्या मॅडम पुढे सरकून बसल्या. "काका, हे फार वेगळं आहे. पण लोकांना पटेल? ज्याचं जन्मभर स्वप्न बघितलं, ते हुकल्यावर कुणाला सुटल्यासारखं वाटतं?"

दादाला आजवर कुठल्याही दिग्दर्शकाने दुसरा प्रश्न विचारला नव्हता. हवालदाराला काय विचारणार? तो अगदी फुलून आला. तिथेच घात झाला. नट माणसाला आपलं म्हणणं पटवायला दुसरं काही मिळालं नाही, की तो स्वतःचं आयुष्य काढून समोर ठेवतो, मग ते एकट्याचं असो वा नसो.

"मला वाटलं होतं," तो म्हणाला. "मला कंपनीचं बोलावणं आलं होतं, सगळ्यांना माहीत आहे. घरी छाती काढून गेलो, पण आतून टरकलो होतो. स्पर्धेत एकदा चमकणं वेगळं आणि रोज नव्या गावात उभं राहणं वेगळं. मी काही तेवढा मोठा नट नव्हतो. बाकी कुणाला नसेल, मला माहीत होतं. पण नाही कसं म्हणायचं? आणि बायकोच म्हणाली, माझं कसं होणार. काय सांगू मॅडम, जिना उतरता उतरता मला हसू फुटलं. असं."

आणि तो हसला. मी त्याची सख्खी बहीण, पण ते हसू मी कधी ऐकलं नव्हतं. लहान पोराला शाळेत न जाण्याची परवानगी मिळावी, तसं होतं ते. माडीवर टाळ्या पडल्या. छोट्या मॅडम म्हणाल्या, "हेच! अगदी हेच हवंय मला."

माझं लक्ष दाराकडे गेलं. वहिनी आली होती. कोट अंगावर घालून बघायचा होता, म्हणून कामावरून परस्पर आली होती. गळ्यात टेप, हातात कोट. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली नाही. तिने कोट खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला, त्याची बाही सरळ केली आणि जिना उतरून गेली. दादाला ती दिसलीच नाही. तो टाळ्या घेत होता.

मी मागोमाग धावले, पण ती झपाझप घरी गेली आणि पदर खोचून स्वयंपाकाला लागली. पुढचे दोन-तीन दिवसही घरात सगळं नेहमीसारखं चालू होतं. शर्टाला इस्त्री, चहा वेळेवर. तेच मला सहन होईना.

रविवारी सकाळी तिने दादाला कोट घालून उभं केलं. मी शेजारी काजं करत बसले होते. वहिनीच्या ओठांत टाचण्या होत्या. ती खाली बसून कोटाचा घेर बघत होती. मग तिने टाचण्या एकेक करून काढून उशीत खोचल्या आणि वर न बघता विचारलं, "जिन्यात हसलात?"

दादाला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. "अगं, ते नाटकापुरतं. पोरीला समजावून सांगायला काहीतरी..."

"जिन्यात की खाली गेल्यावर?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी मान वळवली. शेवटी तो म्हणाला, "जिन्यात."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार होतो? भित्रा आहे म्हणून?"

"हो," वहिनी म्हणाली. "तसंच सांगायचं होतं. मी तरी कुठे शूर होते? मी पण घाबरले होते म्हणूनच बोलले ना. तुम्ही परत वर आला असता, सांगितलं असतं, तर मी पण हसले असते हो. दोघं हसलो असतो."

दादा हात पसरून तसाच उभा. अंगात टाचण्या लावलेला कोट, त्यामुळे त्याला बसताही येईना. "मी तुला कधी दोष दिला का?" तो म्हणाला. "एकदा तरी म्हणालो का, तुझ्यामुळे?"

"नाही म्हणालात," ती म्हणाली. "मी चहा ठेवायला उठायचे, तेव्हा 'बस गं' असंही नाही म्हणालात."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी तिच्यामागे गेले. ओट्याला टेकून ती उभी होती. मला वाटलं, आता रडेल, मी तिला जवळ घेईन आणि दादाला वाट्टेल ते बोलेन. पण ती कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत म्हणाली, "दुकानाला नाही म्हणून आले ना, त्या दिवशी मी पण जिन्यात थांबले होते. मला नाही गं हसू आलं." आणि मग मीच रडले. तिने मला पाणी दिलं.

तरीही कोट तिने पूर्ण केला, आणि प्रयोगाला आलीही. कपडेपट तिच्याकडे होता, ती विंगेत उभी होती. मी समोरच्या विंगेत, पुस्तक घेऊन. नाटक रंगलं. दादाचं काम खरंच छान होत होतं. शेवटचा प्रवेश आला. दादा दारात. "तयारी आहे?" बँकेतल्या बाईने बॅग उचलली, प्रेक्षकांनी श्वास धरला, आणि ती बॅग घेऊन आतल्या खोलीत, म्हणजे विंगेत गेली. तिथेच वहिनी उभी होती. तिने पुढे होऊन जड बॅग बाईच्या हातातून घेतली. त्यामुळे दारातल्या दादाला आतल्या खोलीत दिसली ती वहिनी, हातात बॅग घेऊन उभी.

दादाने हसायला तोंड उघडलं. हसू आलं नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. नुसता जबडा हलला. विसरलेलं वाक्य मी पुरवू शकते, हसू कसं पुरवणार? पडदेवाला दोरी धरून माझ्याकडे बघतोय, मी त्याला थांब म्हणतेय. वहिनी विंगेतून दादाकडे बघत होती. रागाने नाही. काय होतंय ते बघावं, तशी. दादाच्या गालावरून पाणी ओघळलं आणि पडदा पडला.

टाळ्या थांबेनात. लोक रंगपटात घुसले. "न हसता शेवट! कमाल केलीत!" छोट्या मॅडम आधी गोंधळल्या होत्या, पण टाळ्या ऐकून त्यांचेही डोळे भरले. "काका, ऐन वेळी तुम्ही अर्थच बदलून टाकलात. का नाही हसलात?"

वहिनी दादाचा कोट उतरवत होती, एक बाही निघाली होती. दादाने तोंड पुसलं. सभोवती माणसं, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. त्याने सुस्कारा टाकला, मला ओळखीचा असलेला तोच सुस्कारा, आणि वहिनीकडे हात करून म्हणाला, "काय करणार? समोर ही उभी होती. हिच्यामुळे..."

"नाही," वहिनी म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. तिने दुसरी बाही सोडवली, कोटाची घडी घातली आणि मग म्हणाली, "या वेळी माझं नाव घेऊ नका."

लोकांना वाटलं, बाई लाजल्या. ते हसले, कुणी "वहिनी फार साध्या" असंही म्हणालं. दादा मात्र तिच्याकडे बघत राहिला, आणि पहिल्यांदाच त्याला वाक्य पूर्ण करावं लागलं. तो म्हणाला, "मी घाबरलो." ते गडबडीत कुणाला ऐकू गेलं नाही. वहिनीला गेलं असतं, पण ती तोवर कपड्यांची पेटी उचलून बाहेर गेली होती.